सातपुड्याच्या पायवाटा आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हटला की लसीकरण, तापातील झटके, बाळाचा वरचा आहार असे विषय बालरोगतज्ज्ञाच्या लेखणीखाली आपोआप येतात. यंदा संपादक मंडळाची क्षमा मागून मी थोडी वाट बदलते आहे. विषय आहे पायी हिंडण्याचा. मात्र लेखाचा शेवट दवाखान्यातच होणार आहे, हे सहव्यावसायिक बंधुभगिनींनी आधीच ध्यानात घ्यावे.

आपल्यापैकी काही जण उच्च शिक्षणासाठी इंग्लंड-स्कॉटलंडला राहून आले आहेत. ते परत आले की रुग्णालयांपेक्षा तेथील डोंगराळ मुलखाच्या गोष्टी अधिक रंगवून सांगतात. लांबट, गडद पाण्याची सरोवरे, मैलोगणती पसरलेली ओसाड माळराने, आणि त्यांमधून जाणारी, खुणा लावून जपलेली पायवाट. यांतील प्रसिद्ध वाट म्हणजे १९८० साली खुली झालेला ‘वेस्ट हायलॅन्ड वे’. ग्लासगोनजीकच्या एका गावातून निघून, लॉक लोमंड या सरोवराच्या काठाने आणि रॅनक मूर या माळरानाच्या कडेने ही वाट १५४ किलोमीटरांवर फोर्ट विल्यम येथे पोहोचते. तेथेच बेन नेव्हिस हे ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर उभे आहे. त्याची उंची १३४५ मीटर. आता गंमत पाहा. आपल्या भोपाळपासून दोनशे किलोमीटरांवर, पचमढीच्या पठारावर उभा असलेला धूपगड सुमारे १३५० मीटर उंच आहे. म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च माथा आणि सातपुड्याचा सर्वोच्च माथा हे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहतील असे आहेत. १८६२ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ या पठारावर आला आणि त्याने तेथे ‘बायसन लॉज’ बांधले. पुढे १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला त्याने ‘द हायलॅन्ड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे नाव दिले. दूरदेशी आलेल्या माणसाला येथील डोंगर पाहून कोणते डोंगर आठवले असतील, ते त्या नावावरूनच कळते.

परंतु पचमढीचा ‘शोध’ फोर्सिथने लावला, असे जे सर्रास लिहिले जाते, ते मला कधीच पटलेले नाही. कोरकू आणि गोंड लोक या खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या नांदत होते. महादेवाच्या गुहांना यात्रेकरू जात होते. आणि आपण मराठी मंडळींनी तर हे विसरूच नये की, नागपूरकर अप्पासाहेब भोसले १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटले, ते याच महादेवाच्या डोंगरांत येऊन लपले. गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. इंग्रजी फौजा पायथ्याशी असताना ते काही महिने या दऱ्याखोऱ्यांत टिकून राहिले आणि १८१९ च्या आरंभी असीरगडाकडे निसटले. १८५८ च्या पावसाळ्यानंतर तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस आले, तेव्हाही सातपुड्याच्या याच वाटा त्यांच्या उपयोगी पडल्या, आणि कोरकूंचा प्रमुख भभूतसिंह याने इंग्रजांविरुद्ध येथेच झुंज दिली. ज्या पायवाटांवर आज आपण सहलीला जातो, त्या कोणे एके काळी माणसांचा जीव वाचविणाऱ्या वाटा होत्या.

भूगोलाविषयी थोडे. पचमढीचे पठार साधारण १०६७ मीटर उंचीवर आहे. खडक वालुकाश्माचा, गोंडवन काळातला. पाण्याने तो सहज झिजतो, म्हणून हांडी खोहसारख्या सरळ तुटलेल्या दऱ्या, जटाशंकरसारख्या कपारी आणि सुमारे १०७ मीटर कोसळणारा रजत प्रपात येथे निर्माण झाला. साग आणि साल हे मध्य भारतातील दोन महावृक्ष येथे एकमेकांच्या शेजारी भेटतात. ओलसर घळींत नेचे इतक्या प्रकारचे सापडतात की वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी दूरदूरहून येतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून मिरविणारी शेकरू येथेही झाडाझाडांवर दिसते. १९९९ साली हा प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला. स्कॉटलंडमधील सरोवरांची उणीव भासत असेल, तर देनवा आणि तवा यांच्या संगमाजवळ धरण बांधून झालेला तवा जलाशय पाहावा. तो मानवनिर्मित आहे, हे खरे. पण २०२४ मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. आपला भोपाळचा मोठा तलावही मानवनिर्मितच आहे आणि तो २००२ पासून त्याच यादीत आहे.

आता मुलांकडे वळते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माझ्या बाह्यरुग्ण विभागातील चित्र हळूहळू पालटले. पूर्वी वजन वाढत नाही म्हणून येणारी मुले अधिक असत. आज वजन फार वाढले, चष्म्याचा नंबर वाढला, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन सुशिक्षित घरांतील मुले येतात. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दृष्टीच्या बाबतीत तर चांगला पुरावा उपलब्ध आहे. चीनमधील ग्वांगझो शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक तास केवळ उघड्यावर काढावयाचा होता. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना. औषध नाही, यंत्र नाही, केवळ आकाशाखाली घालवलेला वेळ! म्हणून पालकांना मी औषधाच्या चिठ्ठीवर अनेकदा ‘रविवारी वनविहार, पायी’ असे लिहून देते. मोठ्या तलावाच्या काठचा तो रस्ता सपाट आहे, सावलीचा आहे, आणि पाच वर्षांचे मूलही तेथे रमतगमत चालते. त्यानंतर केरवा, मग भीमबेटका. भीमबेटका येथील चित्रित शैलाश्रय १९५७ साली डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी उजेडात आणले, आणि तेही आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या टेकड्यांकडे पायी जाऊन, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. पचमढीचा क्रम त्यानंतरचा.

वाट निवडताना लोक अंतर विचारतात, चढ विचारत नाहीत, ही पहिली चूक. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा आडाखा दिला, तो आजही वापरात आहे. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास, आणि त्यावर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा महादेवापासून चौरागडाची वाट एका बाजूने चार किलोमीटर आणि चढ तीनशे मीटर धरला, तर धडधाकट माणसाला सुमारे एक तास वीस मिनिटे लागतील. परंतु त्या वाटेवर तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि आपल्याबरोबर आठ वर्षांचे मूल आहे. तेव्हा या वेळेची दीडपट ते दुप्पट धरावी, म्हणजे दोन ते अडीच तास. उतरताना वेळ वाचतो हा भ्रम आहे. थकलेली मुले उतरतानाच घसरतात. डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो आणि दरीत अंधार त्याच्याही आधी येतो. म्हणून दुपारी दोननंतर मुलांना घेऊन चौरागड चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाच्या पाठीवरचे ओझे त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. आणि सर्वांत हळू चालणारे मूल सर्वांच्या पुढे असावे, मागे नव्हे. मागे राहिलेले मूल धावत धावत गाठायला बघते आणि तेथेच पाय मुरगळतो.

पाण्याबद्दल दोन शब्द. मुलांना तहान लागल्याचे उशिरा कळते. खेळाच्या नादात तर कळतच नाही. दर वीस मिनिटांनी थांबून काही घोट पाजावे. मात्र दिवसभर घाम गाळून केवळ साधेच पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते आणि डोकेदुखी, मळमळ, गुंगी, क्वचित झटके येतात. हे उन्हाचे लक्षण समजून पालक आणखी पाणी पाजतात! चार-सहा तासांच्या चालीत मिठाचे काही तरी पोटात गेले पाहिजे. घरचे लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, मीठ घातलेले ताक, शेंगदाणे, चिवडा पुरतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास मात्र २००२ पासून प्रचलित असलेले कमी तीव्रतेचे ओआरएसच द्यावे, एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धे पाकीट अर्ध्या पेल्यात विरघळविणाऱ्या सुशिक्षित माता मी पाहिल्या आहेत.

थंडी ही पचमढीत फक्त डिसेंबर-जानेवारीत वाजते, असा समज आहे. हिवाळ्यात पारा शून्याच्या जवळ जातो, हे खरेच. पण मुले गारठतात ती पावसाळ्यात. वजनाच्या मानाने मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठ्या माणसाहून अधिक असतो, त्यामुळे उष्णता वेगाने निघून जाते. भिजलेला सुती सदरा, धूपगडावरचे वारे आणि रिकामे पोट या तिघांनी वीस अंश तपमानातही मूल गारठून जाते. ते अडखळू लागते, बोलणे पुटपुटल्यासारखे होते, चिडचिड करते आणि मग अकस्मात शांत होते. ते शांत झाले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे पालक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. ओले कपडे तत्काळ काढावेत, कोरड्यात गुंडाळावे, अंगाशी धरावे, शुद्धीवर असेल तर गोड व गरम पाजावे. पिशवीत प्लास्टिकच्या थैलीत बांधलेला एक कोरडा जोड असलाच पाहिजे.

नागद्वारीच्या यात्रेचा उल्लेख केल्याविना हा लेख पुरा होणार नाही, कारण भोपाळमधील वैदर्भीय कुटुंबांचा या डोंगराशी संबंध सहलीचा नसून श्रद्धेचा आहे. नागपंचमीपूर्वीचे सुमारे दहा दिवस ही वाट यात्रेकरूंसाठी खुली होते. एरवी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात असल्याने ती बंद असते. नागपूर, अमरावती, वर्धा, छिंदवाडा या भागांतून लोटणाऱ्या लोकांत मराठी बोलणारेच बहुसंख्य असतात. काजरी, पदमशेष, स्वर्गद्वार अशी ठिकाणे घेत, धो धो पावसात, निसरड्या खडकांवरून, कित्येक किलोमीटरांचा चढउतार लोक अनवाणी करतात. विदर्भातली मंडळे वाटेवर भंडारा चालवितात. आजी-आजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन जातात. मी स्वतः एकदा गेले आहे. पदमशेषाच्या गुहेपर्यंत पोहोचेतो माझ्यातील डॉक्टर केव्हा गळून पडली, ते कळले नाही.

आता एक कथा, जी सांगताना मला आजही संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी, नागपंचमी होऊन दोन आठवडे लोटले होते. अमरावती जिल्ह्यातून येऊन भोपाळला स्थायिक झालेल्या, माझ्या चांगल्या परिचयाच्या कुटुंबातील सात वर्षांचा मुलगा तापाच्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला. ताप १०३, डोकेदुखी, घसा किंचित लाल. सायंकाळची वेळ, बाहेर वीस रुग्ण. मी शर्टाची वरची दोन बटणे उघडून छाती तपासली, पोट चाचपले आणि पॅरासिटामॉल देऊन, रक्ततपासणी सांगून पाठविले. पाचव्या दिवशी त्यांनी दुसरीकडे दाखविले, विडाल चाचणी ‘होकारार्थी’ आली आणि विषमज्वराचे औषध सुरू झाले. सातव्या दिवशी मुलगा पुन्हा माझ्यापुढे होता. श्वास मिनिटाला पन्नास, पापण्या सुजलेल्या, यकृत तीन बोटे, प्लेटलेट्स साठ हजार. त्याला दाखल केले, प्राणवायू लावला. डेंग्यू म्हणावे तर चाचणी नकारार्थी. रात्री कपडे बदलताना सिस्टरने मला हाक मारली. उजव्या जांघेत, घडीच्या आत, सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी, कोरडी खपली, भोवती लाल कडे. न दुखणारी, न खाजणारी.

आईवडिलांना मी पहिल्याच भेटीत विचारले होते, “कोठे बाहेरगावी गेला होता का?” त्यांनी नाही म्हटले होते, कारण त्यांच्या लेखी तो आजोबांबरोबर ‘देवाला’ गेला होता, बाहेरगावी नव्हे. दाराशी उभे असलेले आजोबा तेव्हा हळूच म्हणाले, “नागद्वारीले नेलं होतं जी बाई त्याले. खांद्यावरच होता माह्या. फक्त जेवाले गवतात बसलो होतो.”

स्क्रब टायफस. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जीवाणू, आणि त्याचा वाहक म्हणजे झुडपांत, उंच गवतात राहणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्याची अळी. ती डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. चावल्यावर कळत नाही. सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो, म्हणजे लोक सहल विसरून गेलेले असतात तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर या रोगाने फौजा जेरीस आणल्या होत्या. १९४८ साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण दिसून येईपर्यंत त्यावर औषध नव्हते. आज डॉक्सिसायक्लीन आहे, स्वस्त आहे, आणि वेळेवर दिले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. आमच्या त्या मुलाचा ताप छत्तीस तासांत उतरला. सहाव्या दिवशी तो घरी गेला. परंतु मधल्या दोन रात्री त्याच्या श्वासांची संख्या मोजत बसले होते मी, आणि प्रत्येक वेळी मला त्या दोन बटणांची आठवण होत होती.

या अनुभवातून माझ्या तपासणीत जो बदल झाला, तो तरुण सहकाऱ्यांसाठी नोंदविते. जुलै ते नोव्हेंबर या काळात पाच दिवसांहून अधिक तापाचे मूल आले की ते पूर्ण उघडे करून पाहावे. काखा, जांघा, जननेंद्रियाचा भाग, कानामागे, मानेची घडी, केसांत, नितंबांच्या मध्ये. खपली नसली म्हणून रोग नाही असे ठरत नाही, पण दिसली तर निदान जवळजवळ झालेच. प्रश्न ‘बाहेरगावी गेला होता का’ असा न विचारता ‘गेल्या तीन आठवड्यांत डोंगर, शेत, जंगल, यात्रा, गवत’ असा शब्दशः विचारावा, आणि घरातील ज्येष्ठांना विचारावा. आयजीएम एलायझा तपासणी पाठवावी, पण अहवालासाठी उपचार थांबवू नयेत. आठ वर्षांखालील मुलाचे दात डागळतील या भीतीने डॉक्सिसायक्लीन टाळण्याची आपल्या पिढीची सवय आता सोडली पाहिजे. अल्प मुदतीच्या उपचारात तसे होत नाही, हे आता मान्य झाले आहे. मात्रा दर किलोस २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पर्याय म्हणून अझिथ्रोमायसिन आहे. गंभीर रुग्णांत ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, असे प्रौढांवरील भारतीय अभ्यासात २०२३ मध्ये दिसून आले. विडालवर विसंबून तर राहूच नये. (स्कॉटलंडमध्येही गवतात बसण्याचा असाच धोका आहे. तेथे गोचिडीतून लाइम रोग होतो, आणि तेथील पालकांना सहलीहून आल्यावर मुलाचे सर्वांग तपासण्याची शिकवण दिली जाते.)

पालकांसाठी यातील सार सोपे आहे. गवतात थेट बसू नये, चटई किंवा प्लास्टिकचा कागद अंथरावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यांत खोवलेली. उघड्या त्वचेवर तीस टक्क्यांपर्यंतचे डीट असलेले मलम दोन महिन्यांवरील बाळांनाही चालते. मात्र हातांना आणि डोळ्यांजवळ लावू नये. परत आल्याबरोबर साबणाने आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि आंघोळीच्या वेळी सर्वांगावर एक नजर.

सर्पदंशाविषयी स्वतंत्र लेखच व्हावा, पण आवश्यक तेवढे येथे सांगते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असावेत, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि अधिक मृत्यूंच्या राज्यांत आपला मध्यप्रदेश आहे. वाटेवर घोणस किंवा फुरसे चावते ते पाय वा हात न पाहता टाकल्यामुळे. यात्रेत मात्र खरी भीती मण्यारीची. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते आणि पापण्या जड झालेल्या असतात. जमिनीवर झोपणे अटळ असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोवावी. दंश झालाच तर दोरी आवळणे, चिरणे, चोखणे, मांत्रिक यांपैकी काहीही नको. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, मुलाला चालवू नये, उचलून न्यावे, वेळ लिहून ठेवावी, १०८ ला फोन करावा. खोहांत फोनला रेंज नसते, म्हणून एकाने पुढे धावत जावे. डॉक्टरांसाठी एकच आठवण. मुलाला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यावयाची असते, कारण साप चावताना वय पाहून विष कमी सोडत नाही. झाडीत आढळणाऱ्या हिरव्या चापड्यावर मात्र आपले प्रचलित प्रतिविष उपयोगी नाही. त्याचा दंश बहुधा जिवावर बेतत नाही, सूज फार येते.

आग्या मोहोळांना वालुकाश्माचे कडे फार प्रिय. तेथे आरडाओरडा, धूर, अत्तर नको. अनेक डंखांनंतर मुलाला धाप, उलटी, अंगभर गांधी आल्यास अॅड्रिनॅलिन दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत, लगेच. गटात डॉक्टर असेल तर त्याच्या पिशवीत ही एक कुपी असावी, बाकी औषधांचे गाठोडे नसले तरी चालेल. विजेचा गडगडाट ऐकू आला की माथ्यावरून आणि एकाकी झाडाखालून दूर व्हावे. लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढण्याची परंपरा महाशिवरात्रीची आहे, ती त्या काळात पाऊस क्वचितच असतो म्हणून निभते.

एक गोष्ट वैदर्भीय आणि आदिवासी कुटुंबांसाठी खास. सिकलसेल. मध्य भारतात आणि विदर्भात याचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि म्हणूनच राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोलहून झाला. रोगग्रस्त मुलाला थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम हे तिन्ही एकाच दिवशी सोसावे लागतात ते डोंगरावरच. अशा मुलाला नेऊच नये असे मी म्हणत नाही. आधी डॉक्टरांशी बोलावे, लहान वाट निवडावी, पाणी भरपूर द्यावे, भिजू देऊ नये, आणि हाडे किंवा छाती दुखू लागताच मागे फिरावे. वाहक असलेली मुले सर्वसाधारणपणे निर्धास्त चालू शकतात. दम्याच्या मुलाचा पंप मोठ्यांच्या पिशवीत नव्हे, त्याच्या स्वतःच्या खिशात असावा. धुक्यात धाप लागते तेव्हा मोठी माणसे नेमकी पुढच्या वळणावर असतात.

परवानग्यांबाबत वनखात्याचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि मार्गदर्शक म्हणून स्थानिक कोरकू किंवा गोंड माणूस आवर्जून घ्यावा. सातपुडा व्याघ्र प्रकल्प हा देशातील अशा थोड्या प्रकल्पांपैकी आहे, जेथे परवानगीने, ठरलेल्या वाटांवर, पायी हिंडता येते. ज्यांची मुले मोठी आहेत त्यांनी हा लाभ अवश्य घ्यावा.

त्या सात वर्षांच्या मुलाचे आजोबा पुढच्या वर्षी आषाढात माझ्याकडे आले. नातवाला पुन्हा नेऊ का, असे विचारीत होते. सुनेचा विरोध होता. मी त्यांना चटई, मोजे, मलम आणि आंघोळ हे सारे एका कागदावर लिहून दिले आणि सुनेलाही बोलावून समजाविले. नागपंचमी झाल्यावर बाराव्या दिवशी ते मुलाला घेऊन आले. ताप नव्हता, काही नव्हते. खोलीत शिरताच त्यांनी स्वतःच त्याचा सदरा काढला आणि म्हणाले, “घ्या बाई, सगळं पाहून घ्या.” मी सगळे पाहिले. डाव्या पोटरीवर मुंगी चावल्याची एक गांधी होती.